फुल-सस्पेन्शन ई-एमटीबी: पेटी उघडण्यापासून मुरमाच्या पहिल्या उतारापर्यंत

मराठवाड्यात पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली इलेक्ट्रिक माउंटन बाइक अजून दुर्मीळ आहे. सायकल येते, तिच्यासोबत जाडजूड पुस्तिका येते, पण ती पुस्तिका थंड हवेच्या, ओल्या जंगलाच्या देशात लिहिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42च्या वर जातो, वाटेवर सराटे आणि बाभळीचे काटे असतात, जमीन एकतर मुरमाची नाहीतर चिकट काळी. त्यामुळे पुस्तिकेतले आकडे सुरुवातीला धरायचे आणि मग आपल्या अंगाला, आपल्या मातीला जुळवायचे. ते कसं, हे एकेक टप्प्याने सांगतो. माझा बहुतेक अनुभव संभाजीनगरच्या आसपासच्या डोंगरांचा आणि बालाघाटाच्या माळांचा आहे.

## 1. पैसे देण्याआधी: कायदा आणि कागद

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार ज्या सायकलच्या मोटरची ताकद 250 वॉटच्या आत आहे, जी पेडल मारणं थांबवलं की मदत थांबवते आणि ताशी 25 किमी वेग गाठेपर्यंत ती मदत कमी करत बंद करते, ती सायकल मोटार वाहन धरली जात नाही. म्हणजे लायसन्स नको, पासिंग नको, नंबर प्लेट नको. दुकानदार ‘हजार वॉट आहे, काही होत नाही’ म्हणत असेल, तर ते वाहन या सवलतीत बसत नाही हे लक्षात ठेवा. वेगाची मर्यादा उडवणारा डोंगल किंवा चिप बसवली की हीच गोष्ट होते, आणि वॉरंटीही जाते. डोंगरात 25च्या वर मोटरची गरजही पडत नाही.

परदेशातल्या नातेवाइकाला ‘येताना घेऊन ये’ सांगायचा विचार असेल तर तो सोडा. प्रवासी विमानात 160 वॉट-अवरपेक्षा (बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) मोठी लिथियम बॅटरी नेता येत नाही आणि या सायकलींच्या बॅटऱ्या साधारण 400 ते 800 वॉट-अवरच्या असतात.

हे कागद घेऊन एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्ये फोटो काढा:

- फ्रेम नंबर लिहिलेलं पक्कं बिल
- मोटर, बॅटरी आणि चार्जरचे सिरियल नंबर
- वॉरंटी कार्ड. बॅटरीची वॉरंटी वेगळी असते, ती किती वर्षांची की किती चार्जची हे लिहून घ्या
- बॅटरीच्या कुलपाच्या किल्लीचा नंबर (किल्ली हरवली तर याच नंबरावर दुसरी मिळते)
- मोटर ताकद आणि वेगमर्यादा दाखवणारं कंपनीचं पत्रक

शेवटचा कागद रस्त्यात कुणी अडवलं तर कामी येतो. सायकलला पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवाच. आमच्याकडे ऊसतोडीच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेच्या अंधारात धावतात, तेव्हा रिफ्लेक्टर कायद्यासाठी नाही, जिवासाठी लावायचा.

आणखी एक प्रश्न विकत घेण्याआधी विचारा: मोटरचं निदान करणारं सॉफ्टवेअर असलेलं सर्वात जवळचं सर्व्हिस सेंटर कुठं आहे? उत्तर बहुतेक वेळा पुणे किंवा मुंबई येईल. मग मोटर काढून पाठवायची की पूर्ण सायकल, खर्च कुणाचा, हे आधीच लेखी घ्या.

## 2. जोडणी

लागणारी हत्यारं: ॲलन कीचा संच, टी-25 टॉर्क्स, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा), पेडल पाना, शॉक पंप (सस्पेन्शनमध्ये हवा भरायचा), टायरचा प्रेशर गेज, थोडं ग्रीस. यातला टॉर्क पाना आणि शॉक पंप या दोन गोष्टींवर काटकसर करू नका.

हँडल, स्टेम (हँडल धरून ठेवणारा भाग), पुढचं चाक आणि पेडल एवढंच बहुधा जोडायचं असतं. प्रत्येक बोल्टजवळ न्यूटन-मीटरचा आकडा छापलेला असतो. स्टेमचे बोल्ट साधारण 5च्या आसपास असतात आणि ते एकेक पूर्ण आवळायचे नाहीत. आडवेतिडवे, थोडे-थोडे आवळायचे. डावा पेडल उलट्या आट्याचा असतो. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये अंदाजाने आवळून घेऊ नका. तिथला कारागीर हुशार असतो, पण त्याच्या हाताला सवय लोखंडाची असते. इथं ॲल्युमिनियम आणि कार्बन आहे.

फोर्क (पुढचं चाक धरणारा, सस्पेन्शन असलेला दोन पायांचा भाग) उलटा बसलेला नाही ना, हे बघा. ब्रेकचा डिस्क आणि कॅलिपर डाव्या बाजूला यायला हवा.

## 3. सस्पेन्शन: आधी सॅग, मग बाकी सगळं

सॅग म्हणजे तुम्ही नुसते सायकलवर बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते. यातच सगळी गोम आहे. दुकानातून आलेल्या सायकलमध्ये हवा कुणाच्या वजनाची भरली आहे हे कुणालाच माहीत नसतं. 60 किलोच्या आणि 90 किलोच्या माणसाला एकच हवा चालत नाही.

पायरी अ. नेहमी घालता तेच सगळं घाला: हेल्मेट, बूट, पाण्याने भरलेली पाठपिशवी. आमच्याकडे उन्हाळ्यात तीन लिटर पाणी लागतं, म्हणजे पाठीवरच तीन किलो. टी-शर्टवर बसून मोजलेला सॅग खोटा निघतो.

पायरी आ. शॉकचा (म्हणजे मागच्या सस्पेन्शनचा) लॉक किंवा क्लाइंब लिव्हर, म्हणजे चढासाठी सस्पेन्शन कडक करणारी कळ, पूर्ण उघडा.

पायरी इ. मागच्या शॉकमध्ये सुरुवातीला तुमचं वजन पौंडात जितकं, तितके पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरा. 75 किलो म्हणजे 165. फोर्कसाठी त्याच्या पायावरच्या तक्त्यातला आकडा घ्या. हवा एकदम भरू नका. अधूनमधून थांबून सायकल दहा-बारा वेळा हळू दाबा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांत हवा समान होते. शॉकवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडायची नाही.

पायरी ई. शॉकच्या चकचकीत नळीवर रबराची एक बारीक कडी असते. ती सीलला चिकटवा. भिंतीला कोपर टेकवून किंवा कुणाला हँडल धरायला सांगून हळूच सीटवर बसा, उसळी न देता उतरा. कडी जिथं सरकली तिथपर्यंतचं अंतर मोजपट्टीने मोजा. फोर्कसाठी पेडलवर उभं राहून हेच करा.

पायरी उ. मागे 28 ते 30 टक्के, पुढे 18 ते 20 टक्के ठेवा. सॅग जास्त आला तर हवा वाढवा, कमी आला तर सोडा, दरवेळी 5 पीएसआयने.

इथं नवखे हमखास अडकतात. मागच्या चाकाचा प्रवास, म्हणजे ते वर-खाली जास्तीत जास्त किती सरकतं ते अंतर, 150 मिलिमीटर असला तरी शॉकचा दांडा तेवढा दबत नाही. त्याचा स्ट्रोक बऱ्याच सायकलींत 55 मिलिमीटरच्या आसपास असतो. 30 टक्के काढायचे ते स्ट्रोकचे, म्हणजे साडेसोळा मिलिमीटर. 150चे 30 टक्के काढून कडी 45 मिलिमीटरवर आणली तर शॉक पहिल्याच दगडावर तळाला आपटेल. फोर्कमध्ये मात्र प्रवास आणि दबणं एकच धरा: 150चे 20 टक्के म्हणजे 30 मिलिमीटर.

दुसरी गोष्ट, शॉकचा व्हॉल्व्ह दिसायला मोटरसायकलच्या ट्यूबसारखाच असतो. त्यामुळे पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरचं तोंड त्यावर सहज बसतं. बसलं तरी हवा भरून घेऊ नका. शॉकच्या आत जागा कपभर असते, कंप्रेसरला ती कळत नाही. शॉक पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो नळीतल्या हवेचा. परत लावल्यावर काटा कमी दाखवतो कारण थोडी हवा नळीत शिरते. गळती आहे असं समजून घाबरू नका.

उन्हाचा हिशोब पुस्तिकेत सापडत नाही, तो असा. पहाटे 22 अंशांना 180 पीएसआय भरलेला शॉक दुपारी 40 अंशांना 192च्या जवळ जातो. सायकल उन्हात उभी असेल तर आणखी वर. ज्या वेळेला चालवणार त्याच वेळेच्या हवेत सॅग मोजा, आणि हिवाळ्यातून उन्हाळ्यात जाताना पुन्हा तपासा.

सॅग जमला की रिबाउंड. ही बहुधा लाल रंगाची चकती, दबलेलं सस्पेन्शन किती वेगाने परत येतं ते ठरवणारी. पूर्ण बंद करा, क्लिक मोजत पूर्ण उघडा, मग मधोमध आणा. आकडा लिहून ठेवा. सीटवर बसून वितभर उंचीच्या ओट्यावरून उतरा: सायकल एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर रिबाउंड हळू करा. आपल्या माळरानावर मोठ्या उड्या कमी आणि मुठीएवढ्या दगडांची सलग खडबड जास्त. अशा खडबडीत रिबाउंड फार हळू असलं तर सस्पेन्शन वर यायच्या आत पुढचा दगड येतो आणि सायकल खाली-खाली बसत कडक होत जाते. म्हणून मधल्यापेक्षा एक-दोन क्लिक वेगाकडे ठेवा, असं माझं मत आहे. कॉम्प्रेशनची (सस्पेन्शन किती सहज दबतं ते ठरवणारी) चकती पहिला महिनाभर उघडीच राहू द्या.

प्रत्येक फेरीनंतर कडी कुठं आहे बघा. साधी वाट असूनही टोकाला पोचली तर 5 पीएसआय वाढवा. खडतर उतार करूनही चौथा हिस्सा शिल्लक राहिला तर 5 पीएसआय सोडा.

## 4. टायर: सराटा, बाभूळ आणि सीलंट

सराट्याचा काटा लहान दिसतो, पण कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर असतंच. वेड्या बाभळीचा काटा बोटाएवढा. ट्यूब असलेल्या टायरने मराठवाड्यात डोंगर करायचा म्हणजे दर फेरीला ट्यूब बदलायची तयारी ठेवायची. पहिल्याच दिवशी ट्यूबलेस करून घ्या.

29 इंची, अडीच इंच रुंद टायरला 110-120 मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) टाका. डब्यावर लिहिलेली मुदत आपल्या उन्हात टिकत नाही. मार्च ते जूनमध्ये सहा-सहा आठवड्यांनी चाक हलवून आत द्रव डुचमळतो का ऐका. काटा दिसला तर उपटून ते भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा, सीलंट बहुधा काम करतं. बाभळीच्या मोठ्या भोकाला प्लग लागतो. प्लगचा संच, छोटा पंप आणि एक ट्यूब बरोबर असू द्या. ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट सावकाश फिरवून बाकीचे सगळे काटे पकडीने काढा, नाहीतर नवी ट्यूब तिथंच जाईल.

हवा 75 किलोच्या माणसाला पुढे 23, मागे 26 पीएसआयपासून सुरू करा. सायकलच 23-25 किलोची असल्याने साध्या एमटीबीपेक्षा मागे थोडी जास्त लागते. रिम दगडाला लागल्याचा टणत्कार आला तर दोनाने वाढवा.

## 5. ब्रेक

नवी सायकल सरळ उतारावर नेऊ नका. रिकाम्या रस्त्यावर 20च्या वेगाने जाऊन, चाक न लॉक करता, चालण्याच्या वेगापर्यंत आणा. पुढचा वेगळा, मागचा वेगळा, प्रत्येकी वीसेक वेळा. पॅड आणि डिस्क एकमेकांवर बसल्याशिवाय या वजनाला ब्रेक अपुरे पडतात.

कोणता लिव्हर पुढचा हे उभ्या उभ्या दाबून बघा. आपल्याकडे उजवा हात पुढच्या ब्रेकला सरावलेला असतो. बाहेरून आलेल्या अनेक सायकलींत डावा पुढचा असतो. अदलाबदल करून घेता येते आणि करून घ्याच. घाबरल्यावर हात सवयीनेच दाबतो.

ब्रेकमध्ये कोणतं तेल आहे तेही लिहून ठेवा. शिमानोच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट. गाव-तालुक्याला गॅरेजमध्ये डॉट तेलच हाताशी असतं आणि ते मिनरलच्या ब्रेकमध्ये गेलं की आतले सील फुगून सगळा ब्रेक वाया.

## 6. बॅटरी, ऊन आणि वीज

बॅटरी 40 अंशांच्या वर तापलेली असताना चार्जिंगला लावायची नाही. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत दुपारी तर नाहीच. फेरीवरून आल्यावर तासभर सावलीत ठेवा, मग लावा, आणि घरात कुणी जागं असताना लावा. वीज येते-जाते आणि येताना जोरात येते, म्हणून चार्जर सर्ज प्रोटेक्टरवर. स्वस्त पर्यायी चार्जर वापरू नका. बॅटरी फुगली, आपटली किंवा वास आला तर चार्जिंग तिथंच संपलं. ती घराबाहेर मोकळ्या जागी ठेवा आणि कंपनीला कळवा. सायकल महिनाभर पडून राहणार असेल तर बॅटरी निम्म्यावर ठेवा.

पल्ल्याचा अंदाज किलोमीटरवर करू नका, चढणीवर करा. शंभर किलो वजन शंभर मीटर वर न्यायला निव्वळ 27 वॉट-अवर लागतात. तुम्ही, सायकल आणि पाणी मिळून शंभरच्या पुढेच. चारशे मीटरची चढण म्हणजे 110 वॉट-अवर झाले, त्यात मोटरची घट आणि मऊ मातीचा विरोध वेगळा. तुमचे पाय जेवढा वाटा उचलतील तेवढे यातून वजा. म्हणून संभाजीनगरहून म्हैसमाळ करायचं तर जाऊन-येऊन 80 किमी रस्त्यातच बॅटरी संपवण्यापेक्षा सायकल गाडीवर टाकून खुलताबादपर्यंत न्यावी. मागच्या दारावर पट्ट्यांनी बांधायच्या अनेक कॅरिअरची मर्यादा एका सायकलीला 15 किलो असते, तेव्हा ती आधी वाचा. नेताना बॅटरी काढून गाडीच्या आत ठेवा, पण गाडी उन्हात बंद करून जाऊ नका.

आणि सुरुवात नेहमी पायथ्यापासून करा. माथ्यावरून उतरत निघालात तर बॅटरी संपलेली असताना 24 किलोचं धूड वर ढकलावं लागतं.

## 7. पहिल्या फेऱ्या

पहिल्या दोन-तीन फेऱ्या सपाट पांदणीवर, इको मोडमध्ये (मोटरची कमी मदत). मोटरचा धक्का पायाला ओळखीचा व्हायला वेळ लागतो.

चढावर: चढ सुरू व्हायच्या आधीच हलका गिअर. गिअर बदलताना पेडलवरचा जोर क्षणभर कमी करा, नाहीतर मोटरच्या ताकदीने चेन तुटते. मिनिटाला 70-80 फेरे या गतीने पाय फिरू द्या. टर्बो (मोटरची सर्वात जास्त मदत) लावून जड गिअरमध्ये रेटत राहिलात तर भर उन्हात मोटर तापते आणि स्वतःहून ताकद कमी करते, तीही नेमकी खड्या चढावर. मध्येच थांबलात तर परत निघताना सीट खाली, हलका गिअर, दोन्ही ब्रेक धरलेले, एक पेडल थोडा वर. ब्रेक सोडताना अंग पुढे झुकवा. पेडलवर पाय टेकवून उगाच उभं राहू नका, सायकल पुढे झेप घेते.

उतारावर: कठीण मुरमावर सुटी खडी असते तिथं टायर ज्वारीच्या दाण्यांवरून पाय सरकावा तसा सरकतो. सीट खाली करा, पेडल आडवे, टाचा खाली, कोपरं बाहेर, नजर पुढच्या वळणावर. वेग वळणाच्या आधी, सरळ भागात कमी करा. वळणात खडीवर पुढचा ब्रेक दाबला की चाक गेलंच. ब्रेक सतत घासत ठेवू नका, दाबा आणि सोडा. अंगावर फुल बाही, गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असू द्या, कारण वाटेवर बाभळीच्या फांद्या नेमक्या तोंडाच्या उंचीवर येतात.

## 8. कुठं जायचं, कुठं नाही

गौताळा औट्रमघाट हे अभयारण्य आहे. तिथं वनविभागाच्या परवानगीशिवाय आत जायचं नाही आणि परवानगी मिळाली तरी ठरलेला रस्ता सोडायचा नाही. बीडचं नायगाव आणि धाराशिवचं येडशी रामलिंगघाट यांनाही हाच नियम. देवगिरी किल्ला, वेरूळ आणि लेण्यांच्या माथ्यावरचा परिसर संरक्षित आहे, तिथं सायकल न्यायचा विचारही नको.

राहतात त्या शिवारातल्या वाटा, पाझर तलावांचे बांध, मुरमाड टेकड्या. इथं वाट कुणाच्या तरी शेताला लागून जाते. माणूस दिसला की थांबून विचारायचं: “मामा, ही वाट पुढं निघती का?” उत्तर पुष्कळदा असं येतं: “निघती, पण पुढं तार हाय झटक्याची.” ही माहिती कुठल्याही नकाशात नसते. रानडुकरं आणि नीलगाईंसाठी लावलेली झटका मशीनची तार बारीक असते, संध्याकाळी दिसतच नाही. पिकाच्या कडेने वेगात जाऊ नका आणि सायकल कुंपणाला टेकवू नका.

कठडा नसलेल्या विहिरी वाटेला लागूनच असतात, गवत वाढलं की दिसत नाहीत. शेततळ्यात पाणी घ्यायला उतरू नका. प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येता येत नाही. वाटेवर आडव्या पडलेल्या ठिबकच्या नळ्यांवरून चाक न्यायचं नाही, सायकल उचलून पलीकडे ठेवायची. मेंढ्यांचा कळप आला की मोटर बंद करून उतरा आणि सायकल स्वतःच्या आणि कुत्र्यांच्या मध्ये धरून चाला.

पाऊस पडला की काळ्या रानात दोन-तीन दिवस जाऊ नका. ती माती टायरला लागते, मग मागच्या चाकाच्या आणि फ्रेमच्या मधल्या जागेत गोळा होऊन घट्ट बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी मोटर रेटू नका, चेन किंवा गिअरचा हँगर (मागची गिअर यंत्रणा लटकते तो तुकडा) तुटेल. काडीने चिखल काढा आणि मुरमापर्यंत चालत या. पावसाळ्यात मुरमाच्या टेकड्या मात्र तासाभरात निथळतात, तेव्हा तिकडं जा.

## 9. परत आल्यावर

गाडी धुणाऱ्या सेंटरचा फवारा मोटर, बेअरिंग आणि बॅटरीच्या खोबणीत पाणी घुसवतो. बादली, मऊ ब्रश आणि ओलं फडकं पुरे. फोर्क आणि शॉकच्या चकचकीत नळ्या प्रत्येक फेरीनंतर पुसा. आपली धूळ सीलवर बसून आत गेली की कोटिंग खरवडलं जातं. चेनला इंजिन ऑइल लावू नका, त्यावर धूळ चिकटून काळा लेप बसतो. कोरडं किंवा मेणाचं वंगण घ्या आणि चेन मापायची पट्टी ठेवा. मोटरमुळे चेन लवकर ताणते. अर्ध्या टक्क्याच्या खुणेला आली की बदला, नाहीतर तिच्यासोबत महागडी कॅसेटही (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) जाते. पिव्होटचे (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे) बोल्ट महिन्यातून एकदा टॉर्क पान्याने तपासा. कुठून करकर येत असेल तर बहुतेक वेळा त्यातलाच एखादा सैल झालेला असतो.